दोघं आत, एक बाहेर

१

पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस आहे की नाही एवढं त्यांना कळतं, एक आहे की दोन हे कळत नाही. निदान आम्हा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा तसा पक्का समज आहे, आणि त्याच्याच जोरावर आमचं सगळं चालतं.

युक्ती अगदी सोपी. तळ्यावर लपण असतं. लपण म्हणजे लाकडाचं एक खोपटं, पाण्यात खांबांवर उभं केलेलं, पुढच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट. त्या फटीतून लेन्स बाहेर काढायची आणि गप्प बसायचं. पण तुम्हाला आत शिरताना पक्ष्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे ते दोन-दोन तास जवळ फिरकत नाहीत. म्हणून दोघांनी आत जायचं आणि दोन मिनिटांनी एकाने बाहेर पडायचं, चांगले पाय आपटत, सगळ्या तळ्याला दिसेल असं. पक्षी म्हणतात, गेली ब्याद. पाच मिनिटांत समोर हजर.

आत बसणारी मी आणि बाहेर पडणारा माझा नवरा.

नवरा शिंपी आहे. सगळे त्याला मास्टर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पक्ष्यांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण अकरा वर्षं रोज सकाळी तो माझ्याबरोबर त्या खोपटात शिरायचा, बाकावर दोन मिनिटं टेकायचा आणि उठताना न चुकता म्हणायचा, "बाईसाहेब, तुमच्या पाखरांपायी रोज बायकोला टाकून जातो मी. लोक काय म्हणतील?"

"सांग, बायकोनेच हाकललं," मी म्हणायची. डोळा फटीला लावलेला असायचा, त्यामुळे नुसता हात हलवायची.

लपणापासून काठापर्यंत फळ्यांचा चिंचोळा पूल आहे. दारातून निघालं की त्यातली तिसरी फळी पाय पडताच कुरकुरते. ती कुरकुरली की मास्टर गेला. इतक्या वर्षांत माझ्या हातांना सवयच जडली होती, फळी वाजली की कॅमेरा वर.

तळ्याच्या फाटकावर खडेकाका असतात. खरं नाव त्यांचं त्यांना माहीत. माणूस आत गेला की ते पत्र्याच्या डब्यात एक खडा टाकतात, बाहेर आला की एक काढतात. तळं अकराला बंद होतं, पण डबा त्याआधी रिकामा झाला तर काका डबा पालथा घालतात, फाटकाला कुलूप लावतात आणि घरी जेवायला जातात. कोणी आत कोंडलं जाऊ नये म्हणून त्यांची ही पद्धत. "माणूस चुकेल ताई, खडा चुकत नाही," असं ते दर आठवड्याला एकदा तरी ऐकवतात.

बारा वाजता मी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत हजर असते. तोपर्यंतची सकाळ माझी.

२

तर त्या महिन्यात तळ्यावर तापस दिसला!

हे वाक्य लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो, आनंदाचा. तापस हा बगळ्याच्याच कुळातला, पण बगळ्यासारखा मिरवणारा नव्हे. जरा संशय आला की चोच आभाळाकडे करून पाणकणसांच्या गर्दीत काठीसारखा उभा राहतो. वारा आला तर कणसांबरोबर डोलतोसुद्धा. आपण नाहीच आहोत असं त्याला मनापासून वाटतं, आणि बघता बघता आपल्यालाही ते पटतं. अकरा वर्षांत मी त्याला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा पाठमोरा, पळून जाताना. आमच्या फोटोवाल्यांचं वर्षाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. फोटो द्यायला नऊ दिवस उरले होते.

आणि नेमका त्याच दिवशी मास्टर स्टुलावरून पडला. मांडणीच्या वरच्या खणातला कापडाचा तागा काढायला चढला होता. घोटा मुरगळून हा एवढा सुजला. मीच त्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, पण डॉक्टरांनी आठवडाभर पाय खाली टेकवायचा नाही म्हणून बजावलं. तो कण्हत होता आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता माझ्याबरोबर बाहेर पडायला कोण? लाज वाटते, पण आलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. एक खडा डब्यात पडला. लपणाचं दार लावलं, कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं, लेन्स फटीतून बाहेर काढली आणि म्हटलं, बसू दोन तास, बघू काय होतं ते. समोर नुसतं पाणी. लांबवर चार पाणकोंबड्या, त्याही माझ्याकडे पाठ करून.

मागे फळी कुरकुरली. मी सवयीने कॅमेरा उचलला.

आणि काय सांगू! आधी खंड्या आला, थेट फटीसमोरच्या खुंटावर. मग बगळे उतरले. पाणकोंबड्या पिल्लं घेऊन आल्या. आणि कणसांतली एक काठी हळूच वाकली, तिला पाय फुटले, आणि ती एक पाऊल पुढे आली. तापस! श्वास रोखा, हलू नका, हे मी दिवसातून चाळीस लोकांना सांगते. त्या सकाळी स्वतःला सांगितलं. साठ फोटो काढले. मी एकटीच हसत होते.

बाहेर आले तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते. खडेकाका फाटकाला कुलूप अडकवत होते. मला पाहून त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली.

"ताई? तुम्ही तर मघाशीच गेलात!"

"मी? मी आत्ता येतेय."

"अहो, आठ वाजता गेलात की. मी हाक मारली, तर वळून न बघता असा हात हलवलात." त्यांनी हात हलवून दाखवला. "खडा काढला ना मी. बाकीचेही आत्ताच गेले. बघा, डबा रिकामा आहे."

"काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," मी म्हटलं आणि जवळजवळ उड्या मारतच घरी आले. साठ फोटो होते माझ्याकडे. डब्यातल्या खड्याचा विचार कोण करतंय?

३

फळीचा विचार मला दुपारी आला. एक म्हातारे गृहस्थ छाती यंत्राला लावून उभे होते, मी आतल्या खोलीतून म्हटलं, "श्वास रोखा." आणि एकदम वाटलं, मास्टर तर घरी होता, मग ती फळी वाजली कशाने?

माझं डोकं असल्या बाबतीत थंड असतं. धंदाच तसा आहे. फिल्मवर सावली दिसली म्हणून लगेच गाठ म्हणायचं नसतं. आधी विचारायचं, पेशंट हलला का? गळ्यातली साखळी काढायची राहिली का? तशीच मी फळी तपासली. ऊन चढलं की लाकूड फुगतं. खालच्या खांबाला लाट लागली असेल. मुंगूस गेलं असेल. कारणं भरपूर होती.

"सोडा आता श्वास," मी घाईने म्हटलं. म्हाताऱ्यांचा चेहरा लाल झाला होता.

कामावर निघण्याआधी घरी जेवताना मास्टर काहीतरी सांगत होता ते नंतर आठवलं. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, तिथे कापायच्या टेबलाखाली पाय उशीवर ठेवून तो बटणं लावत बसला होता. चेहरा खुललेला. "सकाळी बरं वाटलं हं, अशी बसलीस ती," असं काहीसं म्हणाला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तापसाच्या मानेवरचे पट्टे मोजत होते. "हं," म्हटलं.

४

पुढचे पाच दिवस! माझ्या आयुष्यात असे पाच दिवस आले नव्हते.

रोज एकटी जायची. रोज दार लावून बसल्यावर दोन-एक मिनिटांनी मागे फळी कुरकुरायची, आणि पडदा वर गेल्यासारखे सगळे हजर. रोज थोडे अधिक जवळ. तिसऱ्या दिवशी तापस एवढा पुढे आला की त्याच्या डोळ्यातलं पिवळं कडं मला मोजता आलं. माझ्या लेन्सला तेरा फुटांच्या आतलं दिसत नाही. त्याच्या आत पक्षी आला तर फोकसच होत नाही. आमच्यात यावर विनोद आहे, अशी अडचण देवाने एकदा तरी द्यावी म्हणून. पाचव्या दिवशी तापस पंधरा फुटांवर होता. मी त्याला दिसत नव्हते की काय कोण जाणे, आभाळाकडे चोच करायचंही त्याने सोडून दिलं होतं.

फळी वाजायच्या आधी मी आता तिची वाट बघायची. लाकूड फुगतं हे मी स्वतःला सांगितलं होतं, आणि लाकूड फुगून माझं काम होत असेल तर माझी काही हरकत नव्हती. एकदाच, चौथ्या दिवशी, फळी वाजण्याआधी बाकाचं दुसरं टोक किंचित वर उचललं गेल्यासारखं वाटलं. म्हणजे कोणी शेजारून उठलं की होतं तसं. मी वळून पाहिलं नाही. समोर खंड्या मासा घेऊन बसला होता.

खडेकाका मात्र वैतागले होते. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. मला आत सोडताना ते डब्यात दोन खडे टाकू लागले.

"दोन कशाला?"

"तुम्ही दोनदा बाहेर पडता म्हणून," ते अगदी साधेपणाने म्हणाले. "एक खडा टाकला की माझा डबा चुकतो. दोन टाकले की बरोबर येतो."

मी पोट धरून हसले. घरी येऊन हे मास्टरला सांगायचं ठरवलं होतं, पण आल्यावर फोटो बघत बसले आणि राहून गेलं.

५

सहाव्या दिवशी मी छोटा कॅमेरा बरोबर नेला. भीती वाटली म्हणून नव्हे. मुंगूस असेल तर त्याचाही एक फोटो मिळेल, एवढाच विचार. लपणाच्या मागच्या भिंतीवर बाहेरून एक खिळा आहे, त्याला तो टांगला, पुलाकडे तोंड करून. दर पाच सेकंदांनी एक फोटो आपोआप निघेल असा लावला.

कामावर जाण्याआधी जेवताना मी ते फोटो पुढे सरकवत होते. पूल. पूल. पूल. आणि मग पुलावर एक पाठ.

दोन फोटोंत ती पाठ होती. कोणीतरी बाई, बुटकी, डोक्याला टोपी, काठाकडे चाललेली. तिसऱ्या फोटोत पूल पुन्हा रिकामा. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की हिने माझ्यासारखाच कोट शिवून घेतलाय! लपणात माझ्याआधी कोणी लपून बसलं होतं का, असंही मनात आलं. पण ते खोपटं केवढं, सहा फूट बाय चार फूट. बाकाखाली मांजर लपणार नाही.

मी कॅमेरा मास्टरपुढे धरला. तो कॉलरला इस्त्री करत होता, बसल्या बसल्या.

"ही कोण ओळखीची आहे का रे?"

त्याने एकदाच पाहिलं. "तूच की."

"मी आत होते."

"अगं, तुझी पाठ तू कधी पाहिलीयेस? मी पाहिलीय. वीस वर्षं पाहतोय, त्यातली अकरा तर रोज त्या फटीला डोळा लावलेली." इस्त्री उभी करून त्याने बोटाने दाखवलं. "हा कोट माझ्या हातचा. आणि हा डावा खांदा बघ, अर्धं बोट खाली. तुझ्या त्या जड पिशवीने गेलाय तो. तुझ्या प्रत्येक कपड्याला मी डावीकडे आतून जास्तीची गादी घालतो. माहीत तरी आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मी ते कपडे घालत होते.

"पण पिशवी कुठंय?" तो म्हणाला. "हिच्या खांद्याला पिशवी नाहीये." मग स्वतःशीच मान हलवली. "हां, बरोबर. घरी येतेस तेव्हाही नसतेच."

"घरी कधी येते?"

"रोजच की. सव्वाआठ, साडेआठला. मला वाटलं, मी एकटा पडून असतो म्हणून मुद्दाम मध्येच येतेस. अर्धा-पाऊण तास बसतेस, पाय चोळून देतेस, मग परत जातेस. आणि अकराला येतेस ती पिशवी घेऊन."

इस्त्रीतून वाफेचा फुस्स आवाज झाला. आम्ही दोघंही दचकलो.

"ती काय बोलते?" मी विचारलं.

"ती काय, तूच ना." त्याचा आवाज बारीक झाला. "फार नाही बोलत. ऐकतेस. परवा मी तुला आईची सगळी हकीकत सांगितली, दुखण्यातली. एवढी वर्षं कधी सांगायला जमलं नव्हतं. तू हातातला हात सोडला नाहीस." तो माझ्याकडे बघत राहिला. "अगं, ती तू नव्हतीस?"

मी कॅमेरा बंद केला. भीतीने म्हणावं तर थोडंसं भीतीनेच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मत्सराने. माझा नवरा माझ्यावर खूश होता आणि मी तिथे नव्हते.

"मास्टर, उद्या ती आली तर दार उघडू नकोस."

"तिच्याकडे किल्ली असते," तो म्हणाला.

६

शहाण्या माणसाने काय केलं असतं? कॅमेरा कपाटात ठेवला असता आणि नवऱ्याजवळ बसून राहिलं असतं. मीही रात्रभर हेच ठरवत होते. पण फोटो द्यायला दोनच दिवस उरले होते, आणि तापसाचा पंख पसरलेला फोटो मला अजून मिळालेला नव्हता. आणि मनाला पटेल असं कारण सापडतंच. मी म्हटलं, एकटी जाते म्हणून हे होतं. दोघं गेलो की सगळं पूर्वीसारखं. दोघं आत, एक बाहेर. बाहेर पडायची जागा मास्टरची, ती भरलेली असली की दुसरं कोणी कशाला बाहेर पडेल?

मास्टरच्या पायाची सूज उतरली होती. लंगडत चालत होता, पण चालत होता. "तुझ्या पाखरांची पीडा आहे बघ ही," म्हणाला, पण आला.

फाटकावर खडेकाकांना केवढा आनंद! "या मास्टर, या! मास्टरांचा एक, आणि ताईंचे दोन." ते तीन खडे उचलू लागले.

"काका, पुरे झालं," मी जरा तोडूनच म्हटलं. "माणसं दोन, खडे दोन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिसरा खडा खाली टाकला आणि दोन डब्यात टाकले.

लपणात आम्ही शेजारी शेजारी बसलो. सकाळ अशी होती की बघत राहावं. पाण्यावर धुकं, त्यातून ऊन आरपार. मी लेन्स लावली. दोन मिनिटं झाली, तीन झाली, मास्टर उठेना.

"जा ना," मी म्हटलं.

"चल, तूही चल," तो म्हणाला. "आज राहू दे फोटो. दोघंही जाऊ. काठाच्या पायऱ्यांवर उन्हात बसू जरा. तुझ्याकडे दहा हजार फोटो असतील, त्यांत मी कितीदा आहे? एकदा. बाकावर झोपलेला, तोही त्या चिमण्या उडाल्या म्हणून चुकून आलेला. आणि तू तर एकदाही नाहीस." त्याने माझ्या कोटाची बाही धरली. "मला खड्यासारखं बाजूला काढतेस ते चालतं गं मला. सवय आहे. पण आज तुला एकटीला इथे ठेवून जायला नको वाटतंय."

मला रडू येणार होतं. खरंच येणार होतं. मी बाही सोडवून त्याचा हात धरायला वळणारच होते.

तेवढ्यात कणसं हलली. अजून कोणी बाहेर पडलेलं नव्हतं, आम्ही दोघं आत होतो, तरी तापस पुढे आला. दोन पावलं. मग मान लांब करून त्याने एक पंख थोडासा उघडला.

"हो पुढे," मी कुजबुजले. डोळा फटीला, बोट बटणावर. "हो ना पुढे, आलेच मी."

"नक्की?"

"आलेच म्हटलं ना."

तो उठला. बाकाचं टोक वर आलं. दार उघडलं. त्याचं लंगडं पाऊल, मग दुसरं, मग फळी कुरकुरली.

मग बाहेरून त्याचा आवाज आला, हलका आणि खूश, मी किती वर्षांत ऐकला नव्हता असा. "अरे वा! खरंच आलीस की!"

आणि फळी दुसऱ्यांदा कुरकुरली.

पक्ष्यांना मोजता येत नाही. मला येतं. मला त्या क्षणी सगळं कळलं, कळलं नाही असं मी म्हणणार नाही. दार माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं. नुसतं वळून ढकलायचं होतं, "मास्टर, मी इथे आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण समोर तापसाने दोन्ही पंख पसरले. उन्हात. आडवा, पूर्ण, पिसा-पिसासकट! अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या चौकटीत काठोकाठ भरलं होतं, आणि माझ्या बोटाला सवय होती. फळी वाजली होती ना.

मी फोटो काढत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

७

दार उघडून पुलावर आले तेव्हा मन पिसासारखं हलकं होतं. म्हटलं, धावत जाऊन गाठू दोघांना, हा फोटो दाखवू, मास्टर काय म्हणतो बघू. दोघांना, असंच आलं मनात.

कठड्यावर खंड्या बसला होता. एरवी मी पन्नास पावलांवर असतानाच निळी रेघ मारून पळणारा. मी त्याच्या अगदी शेजारून गेले, माझी बाही त्याच्या शेपटीला लागली असेल. त्याने पंखाखाली चोच घालून खाजवलं आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागला. पुढे फळ्यांवर पाणकोंबडीची पिल्लं होती. ती माझ्या पायांमधून निघून गेली.

तिसऱ्या फळीवर मी पाय ठेवला. ती वाजली नाही.

पुन्हा ठेवला. मग दोन्ही पाय जोडून उडी मारली, खांद्याला एवढी जड पिशवी असताना. फळी गप्प होती.

मग मी पळाले. फाटकाला कुलूप होतं. खांबावर डबा पालथा घातलेला होता. दोन खडे टाकले, दोन काढले, काकांचं काही चुकलं नव्हतं. गजांना धरून मी रस्त्याकडे पाहिलं. लांब वळणावर दोघं चालले होते, सावकाश, त्याच्या पायाला झेपेल तसे. त्याने तिच्या खांद्यावर भार टाकला होता. तिचे दोन्ही हात मोकळे होते, त्यातल्या एकाने तिने त्याला धरलं होतं. डावा खांदा अर्धं बोट खाली. या वेळी मला कोणी सांगावं लागलं नाही, मी माझी पाठ ओळखली.

"मास्टर!" मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. "मास्टर, मी इथे आहे!"

तो थांबला नाही. तिने मात्र वळून न बघता एक हात वर केला आणि हलवला, मी अकरा वर्षं त्याला हलवत आले तसा. मग दोघं वळणाआड गेले.

फाटकाजवळच्या उथळ पाण्यात सात-आठ बगळे उभे होते. माझ्या त्या ओरडण्याने एकही उडाला नाही, एकाने मानही वळवली नाही.

मी गजांना टेकून खाली बसले. थोड्या वेळाने गवतात काहीतरी हललं. तापस पाण्यातून चालत वर आला, एक एक पाय जपून टाकत, चोच सरळ, मान मोकळी, कोणी नसताना चालतो तसा. तो आला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीवर चढून उभा राहिला. त्याच्या पायांचं गार पाणी माझ्या कोटावर ठिबकलं. त्याच्या डोळ्याचं पिवळं कडं, आत काळं बुबुळ, बुबुळात आभाळ, कुलूप लावलेलं फाटक, गज. बाकी काही नाही. मी खूप निरखून पाहिलं.

काय देखणा होता म्हणून सांगू! मी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला, आणि तो इतका जवळ होता की फोकस होईना.